रुंद कमानींचा हिशेब : दुर्मीळ वेगवान सेडान गाड्या आणि त्यांची खरी किंमत

कॉव्हेंट्री, गेडन आणि सॉलिहल या इंग्लंडच्या मध्यभागातील गावांशी मराठी माणसाचे नाते २००८ पासून बदलले. त्या वर्षीच्या जून महिन्यात टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर ही दोन ब्रिटिश नाममुद्रांची जोडी फोर्डकडून २३० कोटी डॉलरना विकत घेतली, आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांची कारकीर्द घडली अशा अनेक अभियंत्यांना वॉरिकशायर हा जणू शेजारचा तालुका झाला. या नात्यातून निघालेल्या गाड्यांपैकी बहुतेक आपल्या परिचयाच्या आहेत. एक मात्र रस्त्यावर क्वचितच दिसते. तिचे नाव जॅग्वार एक्सई एसव्ही प्रोजेक्ट ८.

ही गाडी मुळात एक चार दारांची मध्यम आकाराची सेडान. ब्रिटनमध्ये तिला ‘सलून’ म्हणतात. कंपनीच्या खास विभागाने तिचे रूपांतर करून तिला जवळजवळ शर्यतीच्या गाडीच्या पंक्तीला नेऊन बसवले. अशा रूपांतरित गाड्यांची पहिली खूण म्हणजे चाकांवरच्या फुगलेल्या, रुंद कमानी. पाहणाऱ्याला त्या बलदंड खांद्यांसारख्या वाटतात, आणि म्हणूनच आज अनेक जण आपल्या साध्या सेडानला तशाच कमानी बाजारातून आणून बसवतात. परंतु ही रुंदी फुकट मिळत नाही. तिची किंमत वाऱ्याला, पत्र्याला, पार्किंगला, विम्याला आणि पुढे पुनर्विक्रीला मोजावी लागते. ती किंमत नेमकी कोठे मोजली जाते आणि तिच्या मोबदल्यात पदरी काय पडते, याचा हा हिशेब.

एक जुनी इंग्रजी परंपरा

घरगुती वापराची साधी सेडान घ्यायची, ती एखाद्या छोट्या, कुशल कार्यशाळेकडे सोपवायची, आणि बाहेरून फारशी न बदललेली पण आतून पूर्णपणे वेगळी गाडी परत घ्यायची, ही ब्रिटनमधील साठ वर्षांहून जुनी रीत आहे. १९६३ मध्ये आलेली लोटस कोर्टिना हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. फोर्डची साधी दोन दारांची कोर्टिना लोटसच्या चेशंट येथील कारखान्यात जात असे. तिथे तिच्यात १,५५८ घन सेंटीमीटरचे, १०५ अश्वशक्तीचे इंजिन बसे. दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण हलक्या ॲल्युमिनियमचे होई. १९६४ मध्ये जिम क्लार्कने याच गाडीतून ब्रिटिश सलून कार अजिंक्यपद जिंकले.

या गाडीने एक धडाही दिला. लोटसने तिच्या मागच्या आसाला इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची नवी जोडणी दिली होती. तिचा ताण डिफरेन्शियलच्या पेटीवर येई, पेटीतून तेल झिरपे, आणि त्या तेलाने रबरी बुश मऊ पडत. अखेर १९६५ मध्ये कंपनीने ती जोडणी सोडून साध्या पाट्यांच्या स्प्रिंगांचा आश्रय घेतला. मूळ गाडी ज्या भारासाठी आखलेली असते त्यापलीकडे तिला नेले, की ताण कोठेतरी दुसरीकडे जाऊन बसतो. रुंद कमानींच्या बाबतीतही नेमके हेच घडते.

या परंपरेचा कळस म्हणजे लोटस कार्लटन. जनरल मोटर्सने १९८६ मध्ये लोटस विकत घेतली आणि आपल्याच कुटुंबातील मोठी सेडान तिच्या हवाली केली. ती सेडान ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल कार्लटन आणि युरोपात ओपेल ओमेगा या नावाने विकली जाई. जर्मनीत पूर्ण बांधून झालेल्या गाड्या नॉरफकमधील हेथेल येथे येत. दुसऱ्या महायुद्धातील विमानतळाच्या जागेवर वसलेल्या या कारखान्यात त्या पुन्हा उघडल्या जात. सहा सिलिंडरचे इंजिन ३,६१५ घन सेंटीमीटरपर्यंत वाढवून त्याला दोन टर्बो जोडले जात. शक्ती ३७७ अश्वशक्तीवर पोहोचे. सहा गिअरची पेटी अमेरिकन कॉर्व्हेट झेडआर-१ मधली, तर डिफरेन्शियल ऑस्ट्रेलियातील होल्डनच्या व्ही-८ गाडीचे. मागे २६५ मिलिमीटर रुंदीचे टायर. ते मूळ पत्र्याखाली मावत नसल्याने मागच्या कमानी कापून रुंद कराव्या लागत आणि त्यांवर फुगीर आवरणे बसवली जात.

गाडीचा कमाल वेग ताशी २८३ किलोमीटर होता, किंमत ४८ हजार पौंड आणि रंग एकच, जवळजवळ काळा भासणारा गर्द हिरवा. १,१०० गाड्यांचा बेत होता, परंतु १९९० ते १९९२ या काळात ९५० गाड्याच निघाल्या. पाच जणांच्या घरगुती गाडीला एवढा वेग हवाच कशाला, म्हणून वृत्तपत्रांनी आणि पोलीस अधिकाऱ्यांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. १९९३ च्या नोव्हेंबरात वेस्ट मिडलंड्समधून अशी एक गाडी चोरीस गेली, दुकानांवरील रात्रीच्या दरोड्यांत वापरली गेली, आणि पोलिसांच्या गाड्यांना ती गाठता आली नाही. टीकाकारांना आपलेच म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले. गाडीची कीर्ती मात्र त्यामुळे वाढलीच.

कमान रुंद करायची ती कशासाठी?

कमान ही मुळात झाकणी आहे. तिच्याखाली रुंद टायर किंवा एकमेकांपासून अधिक दूर ठेवलेली चाके असली, तरच तिला अर्थ. तेव्हा प्रश्न चाकांचा आहे.

गाडी वळणावर जाते तेव्हा तिचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती भार सरकेल हे चार गोष्टींवर ठरते : गाडीचे वजन, वळणाची तीव्रता, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर. पहिल्या तिन्ही गोष्टी वाढल्या की भार अधिक सरकतो. चाकांमधील अंतर वाढले की कमी सरकतो. एक ढोबळ उदाहरण घेऊ. गाडीचे वजन १,७०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर, चाकांमधील अंतर १५५ सेंटीमीटर, आणि वळण एवढे तीव्र की बाजूचे बल गाडीच्या वजनाइतके व्हावे. अशा वेळी सुमारे ६०३ किलो भार आतून बाहेर सरकतो. चाके १० सेंटीमीटरनी दूर नेली तर हाच आकडा सुमारे ५६७ किलोवर येतो. म्हणजे ३६ किलोंच्या आसपास बचत, शेकडा सहा.

ही बचत क्षुल्लक वाटेल, परंतु टायरचा स्वभाव लक्षात घेतला की तिचे मोल कळते. टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. ती दुपटीपेक्षा कमीच वाढते. त्यामुळे एका बाजूच्या दोन चाकांवर सगळा भार लादण्यापेक्षा तो चौघांत वाटलेला बरा. अंतर वाढवण्याचा लाभ तो हाच.

रुंद टायरचा लाभ थोडा वेगळा आहे. टायर रुंद झाला म्हणजे रस्त्याला टेकणारे क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढते, हा समज चुकीचा. हवेचा दाब आणि भार तेच राहिले तर क्षेत्रफळात मोठा फरक पडत नाही. त्याचा आकार बदलतो. लांबट ठसा आखूड आणि रुंद होतो, आणि वळणावर असा ठसा अधिक चटकन आणि नेमका प्रतिसाद देतो. शिवाय रुंद टायर उष्णता अधिक सोसतो आणि त्याच्यासाठी अधिक मऊ रबर वापरता येते. ३७७ किंवा ६०० अश्वशक्ती रस्त्यावर उतरवायची तर हे सर्व हवेच.

पण इथेच हिशेबाची दुसरी बाजू सुरू होते. रुंद आणि बसका टायर रस्त्याशी तंतोतंत सपाट टेकला पाहिजे. चाक जरा कलले की त्याची एक कडाच काम करते आणि तीच झिजते. लोटसच्या अभियंत्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी कार्लटनच्या मागच्या बाजूला ओपेल सेनेटर या थोरल्या गाडीची, भार वाढला तरी उंची कायम राखणारी सस्पेन्शनची रचना बसवली. घाऊक बाजारातून कमानींचा संच आणणारा माणूस या टोकापर्यंत क्वचितच विचार करतो. तो चाक आणि हब यांच्यामध्ये धातूची जाड चकती घालून चाक बाहेर ढकलतो. त्याने दिसायला रुंदी येते, पण चाकाचा भार बेअरिंगपासून दूर गेल्याने तरफेप्रमाणे त्यावरील ताण वाढतो, आणि स्टिअरिंग रस्त्यावरच्या प्रत्येक चाकोरीच्या मागे ओढले जाऊ लागते.

आणि पाऊस? ब्रिटनमध्ये तो विसरून चालत नाही. टायर जितका रुंद, तितके अधिक पाणी त्याला दर मीटरला बाजूला सारावे लागते, आणि ते न साधल्यास तो पाण्यावर तरंगू लागतो. एम-६ वर नोव्हेंबरातल्या संध्याकाळी रुंद, अर्धवट शर्यतीचे टायर असलेली गाडी चालवणे हा शौर्याचा प्रकार आहे, शहाणपणाचा नव्हे.

वाऱ्याला द्यावा लागणारा कर

गाडी वेगात असताना इंजिनची बहुतेक शक्ती वारा कापण्यात खर्च होते. वाऱ्याचा विरोध दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो : गाडीचा आकार किती सफाईदार आहे याचा गुणांक, आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ. फुगीर कमानी या दोन्ही गोष्टी बिघडवतात. क्षेत्रफळ वाढवतात आणि बाजूने वाहणारी हवा फिसकटवतात.

मूळ ओमेगाची ख्यातीच तिच्या सफाईदार आकारासाठी होती. तिचा गुणांक ०.२८ एवढा खाली आणला गेला होता. १९८७ चा युरोपातील सर्वोत्तम कारचा मान तिला मिळाला त्यात या गुणाचाही वाटा होता. लोटस कार्लटनचा गुणांक ०.३१. फरक ०.०३ चा, म्हणजे शेकडा सुमारे ११ चा. त्याच वेगासाठी तितकी अधिक शक्ती लागणार. लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, हे धरून उलटे गणित केले तर इतर सर्व तेच असताना कमाल वेगात सुमारे साडेतीन टक्के घट येते. कार्लटनच्या बाबतीत ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. रुंदीमुळे वाढलेले क्षेत्रफळ तर यात धरलेलेच नाही.

मग लोटसने हा तोटा का पत्करला? कारण सफाईदार गाडी अतिवेगात विमानाच्या पंखाप्रमाणे वर उचलली जाऊ पाहते. तिला खाली दाबून धरायचे तर हवेला थोडा अडथळा करावाच लागतो. विरोध वाढवून स्थैर्य विकत घ्यायचे, असा हा सौदा आहे. ताशी ११० किलोमीटरच्या कायदेशीर मर्यादेत फिरणाऱ्या गाडीला मात्र या सौद्यातून मिळण्याजोगे फारसे काही नसते. तिला फक्त इंधनाचे वाढीव बिल मिळते.

पत्रा : तीन वाटा, तीन परिणाम

कमान रुंद करण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली स्वस्त वाट म्हणजे मूळ पत्र्यावर फायबरग्लासचे आवरण स्क्रूने किंवा चिकटवून बसवणे. चाक आत मावावे म्हणून बहुधा मूळ कमानीची कडा कापावी लागते. इथेच मेख आहे. कमानीच्या कडेवर बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे एकमेकांना जोडलेले असतात, आणि तो जोड सांगाड्याच्या बळकटीचा भाग असतो. तो कापून नीट पुन्हा जोडला आणि मुजवला नाही तर बळकटी तर जातेच, शिवाय उघड्या पत्र्याला ब्रिटनच्या रस्त्यांवरील हिवाळी मीठ लागते. आवरणाखाली चिखल साचतो, आणि बाहेरून झळाळणारी गाडी आतून गंजत राहते.

दुसरी वाट पत्रा कापून, नवा पत्रा वेल्डिंगने जोडून, हाताने आकार देण्याची. ही महाग, पण चांगल्या कारागिराच्या हातून दीर्घकाळ टिकणारी. तिचा तोटा असा की अशा प्रत्येक गाडीची मापे किंचित वेगळी असतात. उद्या अपघात झाला तर तयार सुटा भाग मिळत नाही. पुन्हा तोच कारागीर शोधावा लागतो.

तिसरी वाट कारखान्याने स्वतः नवे भाग घडवण्याची. ती फक्त उत्पादकालाच परवडते, आणि प्रोजेक्ट ८ हे तिचे नमुनेदार उदाहरण.

प्रोजेक्ट ८ : कारखान्याचे उत्तर

२०१७ मध्ये जाहीर झालेली ही गाडी कॉव्हेंट्रीजवळच्या रायटन येथील खास विभागात हाताने बांधली जाई. एक्सईच्या नाकात पाच लिटरचे, सुपरचार्जर जोडलेले व्ही-८ इंजिन बसवले गेले. शक्ती ६०० पीएस, कमाल वेग ताशी ३२२ किलोमीटर. संख्या कमाल ३००, आणि ब्रिटनमधील किंमत जवळपास दीड लाख पौंड.

पुढचे टायर २६५ आणि मागचे ३०५ मिलिमीटर रुंद. ते सामावण्यासाठी गाडीचा जवळजवळ सगळा बाह्य पत्रा बदलावा लागला. मूळ एक्सईचे छप्पर आणि पुढच्या दारांचा पत्रा, एवढेच काय ते उरले. पुढची चाके मोकळी फिरावीत म्हणून हेडलाइट १४ मिलिमीटर पुढे सरकवले गेले. रुंद मागच्या कमानी दारापर्यंत पोहोचल्याने मागच्या दारांचा आकारही बदलला. पुढचे-मागचे बंपर आणि बॉनेट कार्बन फायबरचे झाले. एक कमान रुंद करायला निघालेल्या माणसाने हा तपशील मनावर घ्यावा : चाक तीन बोटे बाहेर सरकवायचे तर उत्पादकाला दिव्यापासून दारापर्यंत सर्व काही हलवावे लागले.

या सगळ्याचा मोबदला मिळाला. २०१७ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या शर्यतमार्गावर गाडीने ७ मिनिटे २१.२३ सेकंदांची वेळ नोंदवून चार दारांच्या सेडानमधील विक्रम केला, आणि २०१९ मध्ये तो ७ मिनिटे १८.३६१ सेकंदांवर आणला. ताशी ३०० किलोमीटर वेगात तिचे मागचे पंख आणि पुढची पाती मिळून गाडीला १२२ किलोंनी खाली दाबतात. हा पंख शोभेचा नाही याचा पुरावा कंपनीनेच दिला : फक्त १५ गाड्यांसाठी ठेवलेल्या स्थिर पंखाविना प्रकाराचा कमाल वेग ताशी ३०० किलोमीटरवर मर्यादित केला गेला.

किंमतही ठळक आहे. कार्बन फायबरचा बंपर गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे दुरुस्त होत नाही. आणि एक विचित्र तडजोड अशी की ही ब्रिटिश गाडी फक्त डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसहच बनवली गेली. ब्रिटनमध्ये ती घेणाऱ्याने पार्किंगच्या यंत्रापुढे गाडी थांबवून पलीकडच्या आसनावर झुकायचे, आणि एकेरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकताना समोरचे काही दिसत नाही हे सोसायचे. दुर्मीळतेची ही दुसरी बाजू आहे. तीनशे गाड्यांसाठी दोन वेगळ्या रचना परवडत नाहीत.

नियमांतून आलेली रुंदी

कधी कधी कमानींची रुंदी अभियंता नव्हे, नियमावली ठरवते. १९९८ ची सुबारू इम्प्रेझा २२बी ही दोन दारांची गाडी तिच्या भक्तांना पूज्य आहे. जागतिक रॅलीतील सुबारूच्या गाड्या ऑक्सफर्डशायरमधील बॅनबरीच्या प्रोड्राइव्ह कंपनीने घडवल्या होत्या, आणि त्यांच्या रुंद कमानींचे आरेखन पीटर स्टीव्हन्स या ब्रिटिश आरेखकाचे. त्या काळी रॅलीच्या नियमांनी १,७७० मिलिमीटर रुंदीची मुभा दिली होती. २२बीची रुंदी नेमकी तेवढीच. साधी इम्प्रेझा मात्र १,६९० मिलिमीटरची. कारण जपानमध्ये १,७०० मिलिमीटरहून रुंद गाडी मोठ्या गाड्यांच्या वर्गात मोडते. एकाच गाडीच्या दोन रुंद्या दोन नियमपुस्तकांनी ठरवल्या. जपानसाठी ४०० गाड्या निघाल्या, ब्रिटनसाठी फक्त १६.

यातून एक कसोटी हाती लागते. एखाद्या रुंद गाडीकडे पाहताना विचारावे : ही रुंदी कशाला उत्तर देते? टायरला, शर्यतीच्या नियमाला, की निव्वळ नजरेला?

ब्रिटनचा रस्ता आणि ब्रिटनचा कायदा

ब्रिटनमधील पार्किंगच्या खणाची प्रमाण रुंदी २.४ मीटर आहे. साधी एक्सई आरसे वगळून १.८५ मीटर रुंद. गाडी अगदी मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना साडेसत्तावीस सेंटीमीटर जागा उरते. तीत सहा सेंटीमीटरची रुंदी वाढवली तर साडेचोवीस. शेजारच्या खणातही अशीच रुंद गाडी असली, तर मागच्या आसनावरच्या आजींनी उतरायचे कसे, हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. वॉटफर्डच्या वुडमियर ॲव्हेन्यूवर सात फुटांच्या मर्यादेचे जे खांब आहेत, त्यांनी ओरबाडलेल्या गाड्यांची ख्याती देशभर पसरली आहे. तिथे रुंद कमानीचा मालक दरवेळी श्वास रोखून धरतो.

कायद्याचा भाग त्याहून महत्त्वाचा. १९८६ च्या वाहनरचना आणि वापर नियमांनुसार चाकांनी उडवलेले पाणी आणि चिखल अडवण्याची व्यवस्था गाडीवर असावी लागते. म्हणून चाक बाहेर सरकवले आणि कमान मात्र तीच ठेवली, तर ते चालत नाही. सांगाड्यातच मूलभूत फेरफार केल्यास तो डीव्हीएलए या नोंदणी कार्यालयाला कळवावा लागतो, आणि गाडीची पुन्हा तपासणी होऊ शकते.

विम्याबाबत २०१२ चा ग्राहक विमा कायदा स्पष्ट आहे : विमा कंपनीने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देताना चुकीची माहिती जाणार नाही याची वाजवी काळजी ग्राहकाने घ्यावी. ‘गाडीत काही बदल केले आहेत का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अर्जात असतो. कमानी, चाके, चकत्या, खाली आणलेले सस्पेन्शन, यांपैकी काहीही लपवले तर दाव्याच्या वेळी रक्कम कापली जाऊ शकते किंवा विमाच रद्द ठरू शकतो. आधीच्या मालकाने केलेला बदलही सांगावा लागतो. दुर्मीळ गाडी असेल तर बाजारभावावर विसंबू नये; विमा कंपनीशी आधीच मूल्य ठरवून घ्यावे.

गाडी मायदेशी न्यायची तर?

अनेक वाचकांच्या मनात निवृत्तीनंतर पुण्याला किंवा नाशिकला परतण्याचा विचार असतो, आणि आवडती गाडी सोबत नेण्याची इच्छाही. इथे दोन अडथळे आहेत. भारताच्या आयात धोरणात परदेशातून येणारी गाडी उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची असावी अशी अट आहे. टाटांच्या मालकीच्या कंपनीने घडवलेली प्रोजेक्ट ८ म्हणूनच टाटांच्याच देशात रस्त्यावर आणणे कठीण. दुसरे, मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्वाळा दिला, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल गाडीत करता येणार नाहीत. पुण्यातील मुलाच्या गाडीसाठी बर्मिंगहॅमहून कमानींचा संच पाठवण्याचा बेत असेल, तर तो इथेच थांबवलेला बरा.

भारतात कारखान्याच्या वाटेने एक प्रयत्न झाला होता. टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हज या कंपनीच्या भागीदारीत २०१८ मध्ये टिगोर जेटीपी ही वेगवान सेडान बाजारात आणली. शक्तिमान टर्बो इंजिन, सुधारलेले सस्पेन्शन, थोडे रुंद टायर. कमानी मात्र मूळच्याच ठेवल्या. नव्या प्रदूषण नियमांच्या उंबरठ्यावर, २०२० मध्ये तो उपक्रम थांबला. पण रुंदी न वाढवताही गाडी सुधारता येते, हे त्या साध्या गाडीने दाखवले.

घेण्यापूर्वी काय पाहावे

जुनी रुंद सेडान घेण्याचा मोह झाला तर प्रथम कमानीच्या आत हात घालून पाहावे. जोड सलग आहे का, आतल्या पत्र्यावर मुजवणीचा लेप आहे का, हे बोटांना कळते. गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून विनामूल्य पाहता येतो. त्यात गंजाचे आणि टायरच्या असमान झिजेचे शेरे शोधावेत. मागच्या टायरची आतली कडा बाहेरच्या कडेहून अधिक झिजली असेल, तर चाकाचा कल बिघडला आहे. काढलेले मूळ भाग विक्रेत्याकडे आहेत का, हेही विचारावे. ज्या गाडीला मूळ रूपात परत नेता येते, तिची किंमत टिकते. आणि चाकामागे चकत्या असतील, तर बेअरिंग बदलण्याचा खर्च किमतीतूनच वळता करून घ्यावा.

या सर्वांचा अर्थ रुंद कमानी वाईट, असा नाही. हेथेल, बॅनबरी आणि रायटन येथील कारागिरांनी जिथे टायर, सस्पेन्शन, हवा आणि पत्रा यांचा एकत्र विचार केला, तिथे त्या रुंदीने गाडीला खरोखर नवे आयुष्य दिले. २०२४ मध्ये एक्सईचे उत्पादन थांबले आणि जॅग्वारने पेट्रोलच्या सेडान गाड्यांचा निरोप घेतला. त्यामुळे साध्या कौटुंबिक सेडानमधून असे काही घडवण्याची संधी आता कारखान्यांनाही राहिलेली नाही. शिल्लक आहेत त्या ९५० कार्लटनांतल्या जपलेल्या गाड्या, १६ सुबारू, आणि जास्तीत जास्त ३०० जॅग्वार. एखाद्या रविवारी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या आवारात त्यांपैकी एखादी उभी दिसली, तर मागच्या दाराच्या कडेकडे जरूर पाहावे. दाराचा पत्रा कमानीबरोबर वळलेला दिसला, तर समजावे की हे काम मुळापासून केलेले आहे.